पंप देणाऱ्याला पंप येतो का?

मे महिन्याचा पहिला मंगळवार जागतिक दमा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या आठवड्यात आपल्याकडे एक ठरलेला वाद रंगतो. छातीविकारतज्ज्ञ सांगतात की लोक गैरसमजुतीपायी पंप, म्हणजे श्वासावाटे औषध ओढायचा इनहेलर, टाळतात, ‘एकदा लागला की सुटत नाही’ म्हणतात आणि घेतलाच तर कसाबसा ओढतात. म्हणून जनजागृती हवी. दुसरा पक्ष म्हणतो की पंप हा औषध कंपन्यांचा धंदा आहे, वर्षानुवर्षे ओढूनही दमेकरी दमेकरीच राहतो, मग लोकांनी त्यावर विश्वास का ठेवावा? मी एका जिल्ह्याच्या गावी अठ्ठावीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि हा वाद ऐकताना मला दरवर्षी एकच गोष्ट खटकते. दोन्ही पक्षांची नजर रुग्णावरच खिळलेली असते. एक त्याला अडाणी ठरवतो, दुसरा फसवला गेलेला. पंप ज्यांच्या हातून त्याच्या हातात गेला ते डॉक्टर, त्या परिचारिका, तो औषध दुकानदार यांना या वादात कोणी साक्षीलासुद्धा बोलावत नाही. माझे म्हणणे असे की पंपाची परीक्षा आधी त्यांची, म्हणजे आमची, घ्यायला हवी. आणि ती काटेकोरपणे घेतली तर आमच्यातले बहुतेक जण नापास होतील.

एक प्रसंग माझ्याच ओपीडीतला आहे. साठीच्या एक बाई दम लागतो म्हणून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी आधीचे कागद काढले आणि कॅप्सूलची डबी काढली, ती पावडर ओढायची कॅप्सूल, जी रोटाहेलर नावाच्या छोट्या मशीनमध्ये घालून फोडायची असते. मी विचारले, कशी घेता? “दुकानदारानं सांगितलं, सकाळी एक, सांजच्याला एक. चहासंगं गिळते.” आणि ते मशीन? “ते नातवाकडं हाय. खेळतो त्याच्यासंगं.” आठ महिने त्या ते औषध गिळत होत्या. आधीच्या डॉक्टरांच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते की औषध ओढण्याची पद्धत समजावून दिली आहे. त्याच कागदावर, आराम नाही म्हणून, मात्रा दोनदा वाढवलेली होती. मला त्या डॉक्टरांचा राग आला. तो फार वेळ टिकला नाही, कारण लगेच मी टेबलाच्या खणातले मशीन काढून बाईंना स्वतः ओढून दाखवले, आणि शेजारी डबीतला माहितीचा कागद वाचत उभ्या असलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, “सर, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा असं लिहिलंय इथं.” मी सोडला नव्हता. इतकी वर्षे कधीच सोडला नसावा. मला हे यंत्र शिकवले कोणी, हे आठवू लागलो तेव्हा लक्षात आले की एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, ओपीडी संपल्यावर, दारात उभ्याउभ्या. त्याआधीच्या सगळ्या शिक्षणात दम्याची औषधे मी पाठ केली होती. ती आत कशी जातात हे कोणी विचारले नव्हते.

माझ्या एकट्याच्या कबुलीला पुरावा म्हणता येणार नाही, हे मान्य. पण पुरावा आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतील अभ्यास एकत्र करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असे दिसले की पंप अचूक वापरणारे रुग्ण सुमारे ३१ टक्के होते, आणि पहिल्या वीस वर्षांच्या तुलनेत नंतरच्या वीस वर्षांत त्यात सुधारणा झालेली नव्हती. २०१८ साली असाच आढावा आरोग्य कर्मचाऱ्यांचा प्रसिद्ध झाला. ५५ अभ्यास, ६,३०४ डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते वगैरे मंडळी. त्यात अचूक पद्धत आढळली १५.५ टक्के वेळा. त्याहून बोचणारा भाग पुढे आहे. १९९५ पर्यंतच्या काळात हे प्रमाण २०.५ टक्के होते, नंतरच्या काळात ते १०.८ टक्क्यांवर घसरले. रुग्णांचे ३१ आणि आमचे १५ हे आकडे शेजारी ठेवून ‘रुग्ण आमच्यापेक्षा हुशार’ असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण दोन्हीकडच्या कसोट्या सारख्या नाहीत. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की ज्या वर्गाने लोकांचे अज्ञान दूर करायचे, तो वर्ग ज्ञानाच्या बाबतीत लोकांच्या पुढे असल्याचा दाखला या आकड्यांत मिळत नाही. दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी ‘जीना’ ही जागतिक संस्थाही आपल्या अहवालात बजावते की आपण लिहून देतो तो पंप कसा वापरायचा हे अनेक आरोग्य कर्मचाऱ्यांना नीट करून दाखवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की या कसोट्या फार कडक असतात. दहातली एक पायरी चुकली की माणूस नापास. आक्षेपात तथ्य आहे. फवाऱ्याच्या पंपाची डबी हलवायची राहिली आणि श्वास ओढायचाच राहिला, या दोन चुका एका तागडीत तोलता येत नाहीत. परंतु पंप हे औषध आणि कसब यांचे मिश्रण आहे हे एकदा ध्यानात घेतले की ‘एखादी पायरी’ हा शब्दप्रयोग फसवा वाटू लागतो. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते; पंपाच्या दोन फवाऱ्यांत तेच औषध २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या हिश्शाएवढे असते. इतक्या थोड्यात भागते, कारण ते थेट श्वासनलिकांत पोहोचते. पोहोचण्यासाठी मात्र कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचे असावे लागतात, आणि फवारा सेकंदाच्या काही दशांशांत संपत असल्यामुळे बोट दाबणे आणि श्वास ओढायला सुरुवात करणे एकाच क्षणी जुळावे लागते. सगळे जुळले तरीही साध्या फवारा-पंपातले बरेचसे औषध घशातच बसते. जुळले नाही तर जवळजवळ सगळेच घशात बसते, आणि गोळीच्या विसाव्या हिश्शातून उरते काय? इथे अर्धवट कौशल्याने अर्धा परिणाम मिळत नाही, कधी कधी काहीच मिळत नाही.

त्यातही एक मेख अशी की दोन प्रकारच्या यंत्रांच्या सूचना एकमेकींच्या उलट आहेत. फवारा-पंप सावकाश, खोल ओढायचा. पावडरचे यंत्र जोरात आणि झटक्यात ओढायचे, कारण पावडर सुटी करण्याची ताकद फक्त आपल्या श्वासात असते. पावडरच्या यंत्रात उच्छ्वास सोडायचा नाही, नाहीतर वाफेने पावडरीचे गठ्ठे होतात. रोटाहेलरची कॅप्सूल चौकोनी भोकात पारदर्शक बाजू आधी घालून बसवावी लागते. एखाद्या रुग्णाला पंप बदलून दिला आणि ‘तसाच घ्या’ म्हटले की आधी नीट येत असलेली पद्धत नव्या यंत्रात चूक ठरते. यंत्रांचे प्रकार वाढत गेले त्याच काळात आमची अचूकता घसरली, हा मला योगायोग वाटत नाही. ‘फवाऱ्याची डबी पाण्यात टाकून पाहा, तरंगली तर रिकामी’ हा सल्ला तर मी वरिष्ठ डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे आणि काही वर्षे दिलाही आहे; ती पद्धत विश्वासार्ह नाही, आणि पाण्याने नळीचे तोंड बिघडू शकते.

हे सगळे बारीकसारीक वाटेल. त्याचा शेवट कुठे होतो ते पाहू. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास माणसे भारतात आहेत, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४२ टक्क्यांहून अधिक धरला जातो. या तफावतीचे सगळे खापर चुकीच्या ओढण्यावर फोडता येणार नाही. निदान उशिरा होते, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड फार थोड्यांना मिळते, हवा वाईट आहे, चुली आहेत. पण पंप नीट न ओढणारा रुग्ण ‘गुण येत नाही’ म्हणून परत येतो तेव्हा डॉक्टर काय करतो? मात्रा वाढवतो, तोंडावाटे स्टेरॉइडच्या गोळ्या जोडतो, इंजेक्शन देतो. रुग्णाला आराम पडतो तो त्या गोळ्या-इंजेक्शनांनी, आणि त्याच्या मनात पक्के बसते की पंप निरुपयोगी आणि सुई खरी. ज्या गैरसमजुतीविरुद्ध आम्ही मे महिन्यात भाषणे करतो, ती उरलेले अकरा महिने आमच्याच टेबलावर तयार होत असते.

पंपाच्या भीतीला इतिहासही आहे आणि तो केवळ अंधश्रद्धेचा नाही. खिशात मावणारा दाबाचा फवारा-पंप १९५६ साली अमेरिकेत रायकर कंपनीने आणला. कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने, अत्तरासारखे माझे औषध फवाऱ्यातून का मिळू नये, असे विचारले आणि त्यातून ती कल्पना निघाली. दहा वर्षांच्या आत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू वाढलेले दिसले आणि संशयाची सुई तीव्र मात्रेच्या आयसोप्रेनालिन पंपांकडे वळली. ‘पंप हा शेवटचा उपाय’ हे वाक्य खेड्यातल्या आजीने शोधलेले नाही. ते एका पिढीच्या डॉक्टरांकडून खाली झिरपलेले आहे. ब्रिटनने दम्याच्या १९५ मृत्यूंची छाननी करून २०१४ साली अहवाल काढला, त्यात ४६ टक्के मृत्यू टाळता आले असते असा निष्कर्ष आहे, आणि झटपट आराम देणाऱ्या पंपांवर अति विसंबणे, वर्षात बाराहून अधिक पंप लिहून दिले जाणे, अशा गोष्टी ठळकपणे नोंदवलेल्या आहेत. ते पंप रुग्णांना लिहून कोणी दिले होते?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सरकारी आरोग्य केंद्रात श्वासावाटे घ्यायचे औषधच नसेल तर ते ओढण्याच्या कौशल्याची चर्चा म्हणजे पोटभरल्यांची चैन नव्हे काय? बुडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉलचे पंप अत्यावश्यक औषधांच्या यादीत असणे आणि ते उपकेंद्राच्या कपाटात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो, फक्त त्यातून निघणारा ‘आधी पुरवठा, मग शिक्षण’ हा क्रम स्वीकारत नाही. कारण न शिकवता पुरवलेला पंप घरात मशीन म्हणून पडून राहतो, खप नाही म्हणून पुढच्या वर्षी मागणी कमी नोंदवली जाते आणि पुरवठा आटतो. साधनांची टंचाईही कौशल्याने कमी होते. लहान मुलांसाठी लागणारा स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचे पोकळ नळकांडे, महाग पडतो म्हणून केपटाउनच्या बालरोगतज्ज्ञांनी पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला पंपाच्या मापाचे भोक पाडून तो बनवला, आणि तोंडाशी नीट बसवलेली ती बाटली विकतच्या स्पेसरइतकेच काम करते हे १९९९ साली दाखवून दिले. बाटली सगळीकडे आहे. ती कशी वापरायची हे माहीत असलेली सिस्टर सगळीकडे नाही. उलट आमच्याकडे ‘वाफेचे मशीन’ म्हणजे नेब्युलायझर घरोघरी जाऊ लागले आहे, कारण त्यात शिकवायचे काही नसते असा समज आहे. दम्याच्या बहुतेक झटक्यांत स्पेसर लावलेला पंप नेब्युलायझरच्या तोडीस तोड ठरतो हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झालेले असताना, शिकवण्याचा कंटाळा म्हणून आम्ही रुग्णाला विजेच्या तारेला बांधून ठेवतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. प्राथमिक उपचारात डॉक्टर रुग्णाला सरासरी किती वेळ देतो याच्या २०१७ सालच्या जागतिक आढाव्यात बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आणि भारतात सुमारे दोन मिनिटे असे आकडे होते. दोन मिनिटांत नाडी, छाती, औषध आणि पंप? नाही जमणार. पण पंप डॉक्टरनेच शिकवावा असे कोण म्हणतो? ज्याला येतो त्याने शिकवावा. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या व्यवसाय नियमावलीने रुग्णाला औषधाविषयी समुपदेशन करणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या कामात धरले आहे. प्रत्यक्षात दुकानात डबीवर बॉलपेनने ‘२ - ० - २’ लिहिले जाते आणि समुपदेशन तिथे संपते. हैदराबादला दरवर्षी मृगाच्या मुहूर्तावर दम्यासाठी जिवंत मासोळीतून औषध देतात. त्या औषधाच्या गुणाविषयी माझे मत काही चांगले नाही, परंतु तिथे देणारा माणूस ते स्वतःच्या हाताने घेणाऱ्याच्या घशात सोडतो. आमचे औषध खरे असून आम्ही ते पिशवीत घालून देतो.

आणि साध्या माणसाला हे कसब जमणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने मुलांमधला न्यूमोनिया गावातच ओळखण्यासाठी आरोग्यदूत आणि दाया तयार केल्या, तेव्हा अडचण ही होती की मिनिटाला किती श्वास हे मोजायचे कसे, कारण अनेकींना तेवढे आकडे येत नव्हते. त्यावर उत्तर म्हणून मणी सरकवून श्वास मोजायचे साधे साधन बनवले गेले. निरक्षर बाई बाळाचा श्वास मोजू शकते, तर पदवीधर डॉक्टरला आणि डिप्लोमाधारक औषधनिर्मात्याला स्वतःचा श्वास दहा सेकंद रोखून दाखवता येऊ नये? फरक बुद्धीचा नाही. तिथे कौशल्य हे काम मानले गेले आणि ते पुन्हा पुन्हा तपासले गेले. आमच्याकडे ते किरकोळ मानले जाते.

तिसरा आक्षेप असा की नीट शिकवले तरी रुग्ण काही आठवड्यांत विसरतो, मग एवढा खटाटोप कशाला. विसरतो हे खरे आहे. याच प्रश्नाला बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेने दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. १९८० च्या दशकात त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे जुलाबावरचे मिश्रण आयांना शिकवत होत्या. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरे झाली. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे केली यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला काय आठवते, मिश्रण नीट बनवता येते का, हे पाही आणि त्यावर पैसे ठरत. शिकवणे म्हणजे बोलणे नव्हे, समोरच्याला येणे, ही व्याख्या त्यांनी वेतनपत्रकात उतरवली. तरीही सुरुवातीला आया ते मिश्रण फारसे वापरत नव्हत्या. चौकशीत कळले की शिकवणाऱ्या अनेकांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की ते दुसरी औषधे घेत. त्यांना ते औषध कसे काम करते हे दाखवून पटवल्यावर चित्र बदलले. दोष शोधत शोधत ब्रॅक शिकवणाऱ्यापर्यंत पोहोचली आणि तिथून तिने दुरुस्ती केली. आम्ही रुग्णाच्या उंबऱ्याशीच थांबलो आहोत.

क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९९७ पासून रुग्णाने गोळी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायची ही पद्धत आपण देशभर रुजवली. गोळी गिळणे पाहण्यासाठी यंत्रणा उभी राहिली, जे न पाहताही बहुतेकांना येते. श्वास ओढणे मात्र पाहिले जात नाही. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम २०१९ पासून क्षमताधारित झाला, विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा काय करता येते यावर भर आला. मग अंतिम परीक्षेच्या टेबलावर रक्तदाबाच्या यंत्राशेजारी दोन रिकामे पंप, एक फवाऱ्याचा आणि एक पावडरीचा, का असू नयेत? नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आम्ही पंचतारांकित हॉटेलांत भाषणे ऐकून गुण गोळा करतो. त्यातला एक गुण पंप ओढून दाखवल्याशिवाय देऊ नये. आणि ते शिकवण्याचे काम औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींवर सोडू नये. त्यांच्यातले अनेक जण आमच्यापेक्षा चांगले शिकवतात हे मी अनुभवाने मान्य करतो, पण ते त्यांच्याच कंपनीचे यंत्र शिकवतात, आणि रुग्णाला कोणते यंत्र झेपेल हा निर्णय त्यातच नकळत होऊन जातो.

माझ्या दवाखान्यात मात्रा वाढवण्याआधी पंप ओढताना पाहणे आता सक्तीचे आहे. केसपेपरवर रक्तदाबाच्या खाली त्यासाठी एक ओळ छापून घेतली आहे, ‘पद्धत समजावली’ ही नव्हे, ‘पद्धत पाहिली’ ही. त्याला एक मिनिट लागते आणि निम्म्या वेळा मात्रा वाढवावी लागत नाही, असा माझा अंदाज आहे. मोजदाद केलेली नाही. शिकवणाऱ्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी सिस्टर करतात, सगळ्यांची, खालच्या मेडिकलमधल्या दोन मुलांसह, आणि भिंतीवरच्या तक्त्यात खुणा करतात. गेल्या तिमाहीत माझ्या नावापुढे एक फुली आहे. श्वास सोडला होता. रोखला सहाच सेकंद.